रिकामं म्हणजे नाही

आमच्या साहेबांना पेन दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कोणाच्या खिशाला लावलेलं असो, अंबाड्यात खोचलेलं असो की टेबलावर लोळत असो, ते हसत हसत यायचे, चिमटीत धरून उचलायचे आणि आपल्या केबिनमधल्या काचेच्या बरणीत नेऊन टाकायचे. बरणी मुळात लोणच्याची होती. घरूनच आणली असावी, कारण तिच्या झाकणाचा मोहरीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. बैठकीला बसलं की समोर ती बरणी, तिच्यात निळी, काळी, लाल पेनं, आणि मागे भिंतीवर भलामोठा टीव्ही. "हे आपलं म्युझियम," साहेब म्हणायचे. "पुढच्या पिढीला दाखवू, की माणसं एके काळी याने लिहायची."

आम्ही हसायचो. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, एवढं नोकरीत सगळ्यांनाच कळतं. आणि घरी जाताना नाक्यावरच्या दुकानातून नवं पेन घ्यायचो.

आमच्या ट्रस्टची तीन हॉस्पिटलं. मुलुंडचं सगळ्यात जुनं, घाटकोपरचं मधलं आणि अंधेरीचं नवं, सगळं काचेचं. मालक एक, पण एका हॉस्पिटलमधली माहिती दुसऱ्याला मिळायची नाही. पेशंटचा एमआरआय अंधेरीला, रक्त घाटकोपरला आणि ऑपरेशन मुलुंडला असा प्रकार, आणि तिन्हीकडचे रिपोर्ट पेशंट स्वतः घेऊन फिरायचा. बहुतेक वेळा साडीच्या दुकानाच्या पिशवीतून. त्या पिशवीत पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी असायचा, केमिस्टची बिलं असायची, एखाद्या देवळातला अंगारा असायचा, आणि नेमका हवा तो रिपोर्ट नसायचा. मग तीच तपासणी पुन्हा. हे बदलायला हवं होतं, यात वाद नाही. ते बदलायला ट्रस्टींनी जो माणूस आणला त्याबद्दल मात्र माझा वाद आहे, आणि तो मिटायची चिन्हं नाहीत.

मी मुलुंडला रेकॉर्ड विभागाची प्रमुख. त्यामुळे साहेबांचा पहिला मुक्काम माझ्याच डोक्यावर पडला.

पहिल्या दिवशी ते पांढरेशुभ्र बूट घालून आले. हातात तांब्याची बाटली, आणि तिच्या झाकणावर आतल्या पाण्याचं तापमान दिसायचं. "कसे आहात" असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. ते विचारायचे, "कनेक्टेड?" आपण मान हलवायची. त्यांचं दर तिसरं वाक्य "तिकडे" या शब्दाने सुरू व्हायचं. तिकडे फाइल नावाची वस्तूच नाही. तिकडे डॉक्टर बोलतो आणि मशीन लिहितं. तिकडे म्हणजे कुठे, हे मात्र ते सांगत नसत. शेवटी कॅन्टीनवाल्या अण्णांनी तोंडावर विचारलं, तेव्हा कळलं की साहेब एका कंपनीतर्फे वर्षभर परदेशी जाऊन आले होते, तेही हॉस्पिटलच्या नाही, विम्याच्या कामाला. त्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "वर्षात एवढं? आणि आमी तीस वर्षं इकडे, आमाला इकडचंच कळत नाय."

"डेटा रक्तासारखा वाहिला पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. घाटकोपरच्या इन्चार्ज सिस्टर कुठल्याच साहेबाला न घाबरणाऱ्या होत्या. एकदा हे वाक्य ऐकून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "रक्त वाहायला लागलं की आम्ही तर बाई बँडेज बांधतो."

त्यांचं कागदाशी काय वैर होतं ते एका लग्नपत्रिकेवरून सांगते. आमच्या लॅबमधल्या टेक्निशियनच्या मुलीचं लग्न ठरलं. बिचारा हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन केबिनमध्ये गेला, वाकून दिली. साहेबांनी मोबाइलने पत्रिकेचा फोटो काढला आणि पत्रिका त्याच्या हातात परत ठेवली. "मिळाली मला," म्हणाले. तो माणूस पत्रिका हातात धरून पॅसेजमध्ये बराच वेळ उभा होता. परत आलेल्या पत्रिकेचं काय करायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, मलाही सांगता आलं नाही. साहेब लग्नाला गेले नाहीत ते वेगळंच. फोटो काढला होता, पण तो पुन्हा उघडून कोण बघतो?

तर आता मुद्द्याचं. मुलुंडच्या सगळ्या जुन्या फाइली स्कॅन करायचं ठरलं. आमच्या फाइलींना जाड पुठ्ठ्याची कव्हरं. ती स्कॅनरमध्ये जाईनात, मशीन अडकायचं. साहेबांनी विचारलं, "कव्हरवर काय असतं? नाव आणि नंबर. ते आतही आहे." झालं. कव्हरं फाडून बाजूला काढायची आणि आतले केसपेपर तेवढे स्कॅन करायचे असा हुकूम निघाला. कव्हरांचे ढीग रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढले आणि साहेबांनी मोकळ्या रॅकसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. बैठकीत कोणी शंका काढली की साहेब त्याला "मागे जाणारा" म्हणायचे. मागे जाणारा ठरायला कोणालाच नको होतं, मलाही.

मुलुंडमध्ये एक जुनी रीत होती. पेशंटला एखादं औषध चालत नसेल, म्हणजे ऍलर्जी असेल, तर फाइलच्या कव्हरवर मोठा लाल शिक्का मारायचा आणि त्यात औषधाचं नाव लिहायचं. फाइल कोणीही उचलली तरी आधी तेच दिसावं, म्हणून. कुठल्याशा कडक मेट्रनने लावलेली शिस्त. आणि कव्हरवर शिक्का असतो म्हणून आतल्या केसपेपरवरचा ऍलर्जीचा चौकोन कोणी भरतच नसे. इतकी वर्षं तो रिकामा राहिला आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

कव्हरं गेली, चौकोन राहिले. रिकामे.

दुसऱ्या हॉस्पिटलांना माहिती पाठवायला लागलो तर सिस्टिम रिकामा चौकोन घेईना. साहेबांच्या टीव्हीवर तिन्ही हॉस्पिटलांचा नकाशा होता, त्यांना जोडणाऱ्या रेषा होत्या. माहिती नीट गेली की रेषा हिरवी, थोडी अर्धवट गेली की पिवळी, अडकली की लाल. मुलुंडची रेषा दिवसभर लाल. साहेबांना लाल रेषा सहन व्हायची नाही. जेवतानासुद्धा ते तिच्याकडे पाठ करून बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. "रिकामं म्हणजे नाही. ऍलर्जी असती तर लिहिली नसती का? लॉजिक आहे." सॉफ्टवेअरवाल्याला सांगून त्यांनी सगळ्या रिकाम्या चौकोनांत एका फटक्यात "नाही" भरून टाकलं. रेषा हिरवी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिवाय नियम आला. पेशंटला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा नाही, सिस्टिमला विचारायचा. पेशंटने किंवा नातेवाइकाने काही वेगळं सांगितलं तर दुरुस्तीची विनंती टाकायची. ती साहेबांच्या ऑफिसात जाणार, ते मंजूर करणार, मग नोंद बदलणार. तिन्ही हॉस्पिटलांच्या दारात बोर्ड लागले: "पिशवी घरी ठेवा. तुमची माहिती आमच्याकडे आहे."

भांडुपच्या एका बाईंनी हे वाचलं आणि खरंच पिशवी घरी ठेवली.

या बाई मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरण्या गेल्यावर यांनी भांडुपला पोळीभाजीचे डबे करून दोन मुलं वाढवली. पाय सुजला, ताप आला म्हणून घाटकोपरला दाखल झाल्या. पूर्वी त्यांचं सगळं मुलुंडला झालेलं. स्क्रीनवर ऍलर्जीसमोर हिरवं "नाही". डॉक्टरांनी ते बघून पेनिसिलिन लिहिलं. सिस्टर इंजेक्शन भरत होत्या आणि बाईंना सवय अशी, की समोर काही चाललं असलं की विचारायचं.

"ह्या कसला गो?"

"पेनिसिलिन आहे, काकू. पायाची सूज उतरेल."

"माका ता चलना नाय. मागे मुलुंडाक दिलेल्यानी तर तोंड ह्या येवडा झाला, श्वास गावना नाय. फायलीर तांबडो शिक्को मारलेलो आसा, बघूक नाय?"

"स्क्रीनवर तर 'नाही' दिसतंय, काकू."

"सुजलंय मी. तुझो स्क्रीन सुजूक नाय."

सिस्टरांनी सुई खाली ठेवली, डॉक्टरांना बोलावलं, औषध बदललं. बाई आठवडाभराने चालत घरी गेल्या. त्यांनी तेव्हा विचारलं नसतं तर कशा गेल्या असत्या, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सिस्टरांनी त्याच दिवशी दुरुस्तीची विनंती टाकली. साहेबांच्या ऑफिसातून विनंतीला उत्तर आलं नाही, सिस्टरांना मेमो आला. अर्थात मोबाइलवर. पेशंटशी सिस्टिमबाहेर माहितीची देवाणघेवाण केल्याबद्दल खुलासा करावा.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सिस्टर होत्या, घाटकोपरचे डॉक्टर होते. बोलता बोलता शिक्क्याचं, कव्हरांचं, चौकोनांचं सगळं उलगडलं. मी म्हटलं, "साहेब, हा एका बाईचा प्रश्न नाही. मुलुंडच्या कितीतरी लोकांच्या नावासमोर हे खोटं 'नाही' बसलंय. कव्हरं रद्दीत गेली, आता कोणाला शिक्का होता ते कळायचा मार्ग नाही. तिथे 'नाही' काढून 'माहीत नाही' टाका. म्हणजे निदान माणसं विचारतील."

साहेबांनी बाटलीच्या झाकणावरचं तापमान पाहिलं. "माहीत नाही टाकलं की रेषा पिवळी होते, मॅडम."

"होऊ दे पिवळी."

"पुढच्या महिन्यात अवॉर्ड आहे. अंधेरीला, हॉटेलात. परीक्षक लाइव्ह स्क्रीन बघणार. आणि माहीत नाही हा डेटा नसतो. तिकडे तर असं कोणी म्हणणारच नाही."

डॉक्टर म्हणाले, "सर, पेशंट दगावला तर?"

"दगावला का?" साहेबांनी विचारलं. "नाही ना? मग सिस्टिम वर्क झाली." आणि डॉक्टरांच्या खिशातलं पेन काढून त्यांनी बरणीत टाकलं.

मी खूप माणसं पाहिली आहेत. कामचुकार पाहिले, पैसे खाणारे पाहिले. पण इतक्या शांतपणे दुसऱ्याचा जीव पिवळ्या रंगापेक्षा स्वस्त धरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो वाईट होता असंही नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. कॅन्टीनमध्ये तो कधी रांग मोडायचा नाही. लिफ्टमनला नावाने हाक मारायचा. त्याला फक्त माणसं दिसत नव्हती, रेषा दिसत होत्या.

अवॉर्ड मिळालं. साहेब भाषणात म्हणाले, "आमच्या पेशंटला एकही प्रश्न विचारावा लागत नाही." प्रशस्तिपत्र मात्र कागदाचं होतं. ते फ्रेम करून केबिनमध्ये टीव्हीच्या शेजारी लागलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये होते, तिथल्या लोकांना नवी सिस्टिम शिकवायला. सकाळची वेळ. कॅज्युअल्टीत गडबड ऐकू आली म्हणून बघितलं तर साहेब. पांढरे बूट, पण एकाची नाडी सुटलेली. व्हीलचेअरवर त्यांचे वडील. पार्ल्यातले, निवृत्त शिक्षक, मला एकदा भेटले होते. फार गोड बोलले होते. आज तापाने ग्लानीत होते, छातीत घरघर. काही विचारलं तर नुसते ओठ हलत होते. आणि साहेबांच्या काखेत, लॅपटॉपच्या बॅगेखाली अर्धवट लपवलेली, साडीच्या दुकानाची पिशवी. आईने जपून ठेवलेले रिपोर्ट. बाहेरच्या बोर्डासमोरूनच ती आत आली होती.

ड्युटीवरची सिस्टर नवीन होती, साहेबांना फक्त फोटोत पाहिलेली. तिने स्क्रीन उघडली. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मुलुंडला झालेलं, सगळी माहिती क्षणात आली. साहेबांचं काम चोख होतं, हे म्हणावंच लागेल. ऍलर्जीसमोर हिरवं "नाही".

"सिस्टर, बाबांना पेनिसिलिन चालत नाही," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी मुलुंडला रिॲक्शन आली होती. लाल शिक्का होता फाइलवर."

"सिस्टिममध्ये नाही आहे, सर."

"मला माहीत आहे काय आहे ते."

"मी डॉक्टरांना सांगते ना. पण आता त्यांना वर आयसीयूत नेणार. तिकडचा स्टाफ वेगळा, मग ड्युटी बदलेल. ते सगळे स्क्रीनच बघणार. तुम्ही दुरुस्तीची विनंती टाका." तिने स्क्रीनकडे पाहत पुढे सांगितलं, "ती हेड ऑफिसला जाते. वेळ लागतो त्यांना."

मंजुरी फक्त साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून व्हायची, आणि साहेब इथे उभे होते. त्यांनी पिशवी पुढे केली. "यात पेपर आहेत. हे वर बरोबर पाठवा."

"पिशवी वर नेता येत नाही, सर. नियम आहे."

स्ट्रेचर आलं. दोन वॉर्डबॉयनी मिळून वडिलांना त्यावर घेतलं. लिफ्ट वरून यायची होती. साहेब इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांना मी दिसले. तो चेहरा मी विसरणार नाही. लोकांच्या घरची माणसं आमच्याकडे रोज ज्या चेहऱ्याने येतात तोच होता. माझ्याजवळ येऊन ते अगदी हळू म्हणाले, "मॅडम, पेन आहे?"

मी अंबाड्यातलं पेन काढून दिलं. मला त्या क्षणी काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण समोर म्हातारा माणूस धापा टाकत होता, तेव्हा मी साहेबांच्या हातातली पिशवी धरली. साहेबांनी वडिलांच्या सदऱ्याची बाही वर सरकवली आणि हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: पेनिसिलिन देऊ नका. म्हाताऱ्याची कातडी सैल, पेन अडकत होतं, अक्षरं वाकडी येत होती. एक अक्षर नीट उमटेना म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा गिरवलं. लिफ्ट आली. लिफ्टमनने हात बघितला, वाचला आणि मान हलवली. वर पोचायच्या आधीच ती माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली होती.

वडील बरे झाले. मला मनापासून आनंद झाला, ते खरंच सज्जन गृहस्थ आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला माझ्या टेबलावर बसून त्यांची नोंद उघडली. "नाही" गेलं होतं. "पेनिसिलिन" आलं होतं. दुरुस्तीची विनंती टाकल्याबरोबर मंजूर. मला वाटलं, चला, अक्कल आली. भीतीने का होईना, आली. मग भांडुपच्या बाईंची नोंद उघडली. हिरवं "नाही". खाली लिहिलेलं: दुरुस्तीची विनंती मंजुरीच्या प्रतीक्षेत. आणखी पाचदहा मुलुंडच्या नोंदी उघडल्या. सगळीकडे तेच हिरवं. त्या माणसाने आपल्या बापाचा एक चौकोन दुरुस्त केला होता आणि बाकी सगळ्यांचे बाप तसेच ठेवले होते. तेव्हा मला त्यांची जी किळस आली ती आजपर्यंत गेलेली नाही.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ती स्पेशल केस होती, मॅडम."

पावसाळ्यानंतर साहेब मोठ्या नोकरीवर गेले. बंगळुरूला, म्हणे एका साखळीतली सगळी हॉस्पिटलं जोडायला. निरोप समारंभात त्यांना शाल दिली, त्यांनी तिचा फोटो काढला नाही, ठेवून घेतली. नवा माणूस येईपर्यंत त्यांचा चार्ज माझ्याकडे आला.

पहिल्या दिवशी त्यांच्या केबिनचं दार उघडलं. टीव्ही चालूच होता, तिन्ही रेषा हिरव्यागार. प्रशस्तिपत्र नेलं होतं, बरणी तशीच ठेवली होती. झाकण काढलं तर मोहरीचा वास आला. आणि सगळ्यात वर माझं पेन. टोपणावर माझ्याच दातांच्या खुणा, ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. म्हणजे वडिलांच्या हातावर लिहून झाल्यावर हा माणूस लिफ्टने वर गेला, वडिलांना आयसीयूत सोडलं, आणि मग केव्हातरी इथे येऊन ते पेन जप्त करून गेला.

मी ते अंबाड्यात खोचलं. त्यांच्या खुर्चीवर बसले, सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, मुलुंडच्या फाइलींत ऍलर्जीच्या चौकोनात जिथे जिथे "नाही" भरलंय ते काढायचं. तिथे टाकायचं, "विचारा."

"मॅडम, रेषा पिवळी होईल हां," तो म्हणाला. "नंतर मला बोलू नका."

"होऊ दे रे."

त्याला फार वेळ लागला नाही. मी टीव्हीकडे बघत बसले. मुलुंडची रेषा पिवळी झाली. ट्रस्टींचा फोन वाजायला लागला, तो मी वाजू दिला, आणि भांडुपच्या बाईंची विनंती मंजूर केली.